निलच्या रकान्याशी भांडणारी बाई

फोन आला तेव्हा मी सिल्व्हासाजवळ गलोंड्याच्या एका कारखान्यात दुसऱ्या मजल्यावर उभी होते. हातात तपासणीचा कागद होता, समोर सुताच्या खोक्यांची थप्पी होती, आणि आग लागली तर इथली माणसं कुठल्या दाराने बाहेर पडतील हे मी बघत होते. फोन नयनाबेनचा. आमचं ऑफिस पहिल्या दिवसापासून सांभाळणारी ही बाई कामाच्या वेळी कधी फोन करत नाही. "दीकरी, मॅडम गयां," ती म्हणाली. मॅडम गेल्या, एवढंच. मग मी तिला सांगितलं, की दोन दारं बघायची राहिलीत, तेवढी बघून येते. "हां, करीने आव," ती म्हणाली. पुढे आमच्या गल्लीतल्या एका काकूंनी मला यावरून सुनावलं, की अशी कशी गं तू दगडाची, बाई गेली आणि तू दारं मोजत होतीस. काकूंना मी उत्तर दिलं नाही, इथे देते. त्या दोन दारांपैकी दुसऱ्याला बाहेरून कुलूप होतं. ते न बघता मी रडत खाली उतरले असते, तर मॅडमनी मला कधीच माफ केलं नसतं.

वासंती केळुसकर यांना जाऊन आता सहा आठवडे होतील. सिल्व्हासात आणि आजूबाजूच्या कारखान्यांत त्यांना न ओळखणारा मॅनेजर सापडायचा नाही. गेल्या दिवाळीपासून त्या आजारी होत्या. त्या गेल्यावर कारखानदारांच्या संघटनेने शोकसभा घेतली. हार, समई, मोठा फोटो, सगळं नीट होतं. एकामागून एक लोक बोलायला उठले. मॅडम शांत होत्या, समजूतदार होत्या, सगळ्यांना धरून चालायच्या, अजातशत्रू होत्या… माझ्या शेजारी बसलेल्या नयनाबेनने मला कोपराने ढोसून हळूच विचारलं, "आ कोनी वात करे छे?" मलाही तोच प्रश्न पडला होता, की ही चाललीय ती कोणाची गोष्ट?

आणि मग शेवटी घोषणा झाली. मॅडमच्या नावाने दरवर्षी एक सुरक्षा पुरस्कार द्यायचा. ज्या कारखान्याच्या अपघात-नोंदवहीत वर्षभर फक्त ‘निल’ असेल, म्हणजे काहीच घडलं नाही अशी नोंद असेल, त्याला. टाळ्या झाल्या. आठवड्याभराने मला पत्र आलं. मॅडम त्यांचं ऑफिस माझ्या हवाली करून गेल्या, म्हणून त्यांचं नाव वापरायला माझी संमती हवी होती आणि निवड समितीत मी बसावं अशी विनंती होती. मी ‘नाही’ म्हणून कळवलं. तेव्हापासून मला कृतघ्न म्हणणारे बरेच लोक भेटलेत. कृतज्ञ आहे म्हणूनच नाही म्हणाले, हे त्यांना कळावं यासाठी मी हे लिहिते आहे. मॅडमचं नाव आणि ‘निल’ हा शब्द एका ढालीवर कोरला जाणार असेल, तर ते मी जिवंत असेपर्यंत होऊ देणार नाही.

मॅडमचे वडील मूळचे मालवणकडचे. शिक्षक म्हणून सिल्व्हासाला आले आणि इथलेच झाले. मॅडम इथे शिकल्या, मुंबईला जाऊन चार्टर्ड अकाउंटंट झाल्या, आणि वीसेक वर्षं एका मोठ्या सल्लागार कंपनीत जोखीम विभागात राहिल्या. मग सगळं सोडून परत आल्या. का आल्या, असं एकदा मी विचारलं होतं. "माझी सही तशीच ठेवून वरचा मजकूर बदलला," एवढंच त्या म्हणाल्या आणि हातातला कागद वाचत राहिल्या. लग्न केलं नाही, त्याबद्दल कोणी विचारलं तर त्या समोरच्याला त्याच्या लग्नाबद्दल विचारत. किलवणी नाक्याजवळ एका टायरच्या दुकानावर दोन खोल्या घेतल्या आणि रिस्क अ‍ॅडव्हायझरी अशी पाटी लावली.

या कामाला मराठीत जोखीम सल्ला म्हणता येईल, पण त्याने काही कळत नाही. मॅडमची व्याख्या सोपी होती. एखादी गोष्ट बिघडायच्या आधी ती कुठून बिघडेल ते सांगायचं, आणि ऐकणाऱ्याला ते ऐकायचं नसताना सांगायचं. बँका, विमा कंपन्या, कधी स्वतः मालक हे काम देतात, कारण कारखाना बुडाला, जळाला किंवा बंद पडला तर त्यांचं नुकसान होतं. आमच्या घरी मात्र मी नोकरीला लागल्यावर आईने चाळभर सांगितलं की पोरगी रिक्षाच्या ऑफिसात लागली. ‘रिस्क’ तिला ‘रिक्षा’ ऐकू आलं होतं. आठवड्याच्या आत शेजारचे दोघे परमिटचं काम होईल का म्हणून पेढे घेऊन आले. मी मॅडमना ओशाळून हे सांगितलं, तेव्हा मी त्यांना पहिल्यांदा खदखदून हसताना पाहिलं. "पेढे परत केले नाहीत ना, महाजन?" एवढंच त्यांनी विचारलं. आई मात्र त्यांना पुढेही रिक्षावाली मॅडमच म्हणत राहिली. सुरुवातीला चुकून, नंतर रागाने.

मॅडमची आणि माझी ओळख नोकरीच्या दोन वर्षं आधीची. मी बी. कॉम. ला होते. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली पहिली मीच. आप्पा, म्हणजे माझे वडील, शिरपूरकडचे, राखोलीला सुताच्या कारखान्यात मशीनवर. मॅडम दर रविवारी सकाळी कामगारांच्या मुलांना ऑफिसात बोलावून शिकवतात, फी घेत नाहीत, असं कोणीतरी सांगितलं. मला वाटलं पुस्तकातले धडे घेत असतील. पहिल्या रविवारी त्यांनी एका बिस्किट कंपनीची छापील जाहिरात पुढे टाकली आणि म्हणाल्या, यात काय लिहिलेलं नाही ते सांगा. मग त्यांनी माझ्याकडे बघून म्हटलं, "महाजन, तुमचं मत काय?" मी मागे वळून पाहिलं. महाजन म्हटलं की आप्पा किंवा काका, आणि ‘तुमचं’ म्हणावं असं कोणी मला तोवर भेटलं नव्हतं. शाळेत मला ‘ए खान्देश’ म्हणायचे. मी बोलायला लागले तर तोंडून ‘माले वाटस’ निघून गेलं आणि मागे दोघीजणी हसल्या. मॅडमनी हसणाऱ्यांना काही म्हटलं नाही. मला म्हणाल्या, "हं, तुम्हाला काय वाटतं ते पूर्ण करा." मी पूर्ण केलं. काय सांगितलं ते आता आठवत नाही. पूर्ण केलं हे आठवतं.

त्या गोड बोलायच्या नाहीत. उशीर झाला तर दार बंद. चुकलं तर सगळ्यांसमोर चूक सांगत, आणि बरोबर आलं तर पुढचा प्रश्न विचारत. आमच्यातल्या एका मुलाने त्यांच्या पाया पडायचा प्रयत्न केला तेव्हा, खाली काय सापडलं, असं त्यांनी विचारलं. त्या वर्गातून आम्ही आठ-दहा जण कामाला लागलो, कोणी बँकेत, कोणी विम्यात. मला पदवीनंतर त्यांनी स्वतःकडे घेतलं. आणि घेतल्यावर सहा महिन्यांत मी जे केलं, ते मला आज सांगायलाच हवं.

राखोलीच्या सुताच्या कारखान्याचा विमा नव्याने काढायचा होता, त्यासाठी जोखमीचा अहवाल आमच्याकडे आला. आप्पा मशीनवर होते तोच हा कारखाना. नियम असा, की आपलं माणूस तिथे कामाला असेल तर आधी सांगायचं. मी सांगितलं नाही. सांगितलं तर हे काम हातातून जाईल, आणि माझं बाहेरचं पहिलं काम होतं ते. तिथे एक नोंदवही असते. अपघात झाला तर अपघात, आणि होता होता टळला तर तेही त्यात लिहायचं, कारण आज टळलेलं उद्या घडतं. त्या वहीत महिनोन्‌महिने एकाच शाईत, एकाच वळणात ‘निल’ लिहिलेलं होतं. मला पक्कं ठाऊक होतं की ते खोटं आहे. तीन आठवड्यांपूर्वी आप्पा फाटक्या बाहीने घरी आले होते. फिरत्या रोलरवरची जाळी काढून ठेवलेली असते, तुटलेलं सूत झटकन जोडता यावं म्हणून. बाही आत ओढली गेली, शिलाई उसवली म्हणून हात राहिला. आप्पांनी ते हसत सांगितलं आणि आईने न हसता बाही शिवली.

मॅनेजर भला माणूस होता. त्याने मला चहा दिला आणि म्हणाला, "बेटा, तारा पप्पा तो आपणा घरना माणस छे." धमकी नव्हती त्यात. तुझे वडील आपल्या घरचेच, एवढंच. मी वहीतलं जसंच्या तसं माझ्या कागदावर उतरवलं. नोंदलेल्या घटना: निल.

मॅडमनी तो कागद वाचला. किती महिने निल, त्यांनी विचारलं. मी सांगितलं. इतकी माणसं, इतकी मशिनं, तीन पाळ्या, आणि कोणाचं बोटसुद्धा चेपलं नाही, असं देवळातही होत नाही, त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या बघण्यापुढे टिकणं मला कधी जमलं नाही. मी सगळं सांगितलं… आप्पा, बाही, चहा. मला वाटलं होतं त्या ओरडतील. त्या अगदी नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "वडील तिथे आहेत हे लपवलंत, ती एक चूक. ती नवीन माणसाकडून होते. पण महाजन, तुमच्या या कागदावर तुमचे वडील निल आहेत."

त्यांनी मला त्या कामावरून काढलं आणि स्वतः राखोलीला गेल्या. दोन दिवस कँटीनमध्ये बसल्या. एकही कामगार बोलला नाही. छापील फॉर्मवर ‘घटना’, ‘कारण’, ‘जबाबदार व्यक्ती’ असे रकाने होते. स्वतःचं नाव त्या शेवटच्या रकान्यात कोण घालेल? परत येऊन त्यांनी मला एकच गोष्ट विचारली. बाही दाखवताना वडील नेमकं काय म्हणाले, त्यांच्या शब्दांत सांगा. मी म्हटलं, ते अहिराणी बोलतात, मॅडम. मग अहिराणीत सांगा, त्या म्हणाल्या. "थोडामा वाचनू," मी सांगितलं. थोडक्यात वाचलो. त्यांनी ते दोनदा म्हणून बघितलं, उच्चार चुकला तो मी सुधारला, त्यांनी पुन्हा म्हटलं.

दुसऱ्या दिवशी नवे कागद छापून आले. वर मोठ्या अक्षरांत ‘थोडामा वाचनू’, खाली चार रिकाम्या ओळी, बस. नावाला जागाच नव्हती. आणि लोक लिहायला लागले. धुळ्याचे, नंदुरबारचे आधी, मग बिहारचे, ओडिशाचे. ज्याला लिहिता येत नसे तो दुसऱ्याकडून लिहून घेई. "मेरा भी एक थोडामा लिख दे," असं एकमेकांना सांगत. दुपारपर्यंत कागद संपले आणि नयनाबेन रिक्षाने आणखी गठ्ठा घेऊन गेली. जाळी, ओली फरशी, उघडी वायर, तिसऱ्या पाळीत डुलकी लागलेला माणूस, सगळं त्या चार ओळींत यायला लागलं. आज आमच्या ऑफिसात टळलेल्या अपघाताला ‘थोडामा’ असंच म्हणतात. तो शब्द मॅडमनी आप्पांकडून घेतला, हे मी अभिमानाने सांगते.

या कागदांवरून मॅडमनी अहवालात एक पान घातलं. ते पान काढा, असा कारखान्यातून निरोप आला. मॅडमनी काढलं नाही. पंधरा दिवसांनी आप्पांना उद्यापासून येऊ नका सांगण्यात आलं. आईने त्या दिवशी जेवण केलं नाही, नुसती भांडी आपटत राहिली. मी सकाळी ऑफिसात गेले आणि नयनाबेनसमोर मॅडमना नाही नाही ते बोलले. तुमचा अहवाल शाबूत राहिला आणि आमचं घर बसलं, असं म्हणाले. नाव लिहायचं नाही म्हणून सांगितलंत आणि नाव बाहेर कसं गेलं, असं विचारलं. मॅडमनी मला पूर्ण बोलू दिलं. मग कपाटातून एक कागद काढला. ‘थोडामा वाचनू’च्या खाली रोलरची आणि बाहीची हकिगत होती, आणि तिच्या खाली, जिथे जागाच ठेवली नव्हती तिथे, आप्पांचं पूर्ण नाव, गाव, तालुका आणि सही. पगाराच्या कागदावर करतात तशी, प्रत्येक अक्षर सुटं.

हा कागद त्यांनी तिथेच आप्पांना परत दिला होता. नाव फाडून टाका, गरज नाही, म्हणून सांगितलं होतं. आप्पांनी तो सगळ्यांदेखत परत त्यांच्या हातात ठेवला. ते काय म्हणाले, ते मॅडमनी मला आप्पांच्याच शब्दांत सांगितलं, उच्चार सांभाळत. "मनी आंडेरनी निल लिखं, म्हनीसन मी मनं नाव लिखं."

माझ्या लेकीने निल लिहिलं, म्हणून मी माझं नाव लिहिलं.

मला तोवर वाटत होतं की घरी कोणाला काही माहीत नाही. मॅनेजरनेच आप्पांना कौतुकाने सांगितलं होतं, की तुमची मुलगी समजूतदार आहे… तेव्हापासून ‘समजूतदार’ हा शब्द कोणी कोणासाठी वापरला की मी मोजायला लागते. शोकसभेत तो मॅडमसाठी चार वेळा वापरला गेला.

गोष्ट पुढे गोड झाली नाही. आप्पांना राखोलीने परत बोलावलं नाही. अडीच महिने घरी बसले, मग खेरडीच्या पुढे एका लहान युनिटमध्ये पॅकिंगला लागले, लांब आणि पहिल्यापेक्षा हलकं काम. मॅडमची कामंही गेली. एका कारखान्याने सोडलं तसं आणखी दोघांनी सोडलं, वर्षभर ऑफिस कसंबसं चाललं. त्यांनी आप्पांची माफी मागितली नाही, आप्पांनीही ती अपेक्षिली नाही. विमा कंपनीने ते पान वाचलं आणि रोलरवरची जाळी परत बसली, ती आजही आहे. त्या मशीनवर आता दुसरा कोणीतरी उभा असतो, त्याला यातलं काही ठाऊक नाही. आई अजून म्हणते, की रिक्षावाल्या मॅडमनी आपली चांगली नोकरी घालवली. आप्पा तिच्यापुढे दोन्ही हात धरतात, "हाई देख," म्हणतात, आणि जेवायला बसतात.

म्हणून मी संघटनेला नाही म्हणाले. पत्रात लिहिलं, की मॅडमच्या नावाने पुरस्कार द्यायचाच असेल, तर ज्या कारखान्याची वही सगळ्यात भरलेली असेल त्याला द्या. जिथे माणसं न घाबरता लिहितात, तिथला मालक खरा शहाणा. यावर कोणीतरी हसलं म्हणे. एका कारखान्याने आमचं काम थांबवलं, दुसऱ्याने फोन उचलणं. मी मॅडमइतकी मोठी नाही, त्यांच्याइतकं सहन करता येईल की नाही माहीत नाही. पण त्या अजातशत्रू होत्या असं म्हणून त्यांचं आयुष्य पुसू नका. त्यांनी शत्रू कमावले, एकेक, कष्टाने, आणि प्रत्येकाच्या मागे कोणाचा तरी हात किंवा डोळा शाबूत आहे.

गेल्या बुधवारी संघटनेचे सेक्रेटरी स्वतः ऑफिसात आले. वयाने मोठे, बोलायला मऊ. त्यांना मला समजवायचं होतं. मॅडमच्या खोलीत टेबलाच्या पलीकडे खुर्चीच नाही. दोन्ही खुर्च्या एकाच बाजूला, शेजारी शेजारी. नवीन माणूस गोंधळतो. मॅडम म्हणायच्या, वाईट बातमी कोणाच्या समोर बसून द्यायची नाही, तो लढायला लागतो. शेजारी बसायचं आणि एकच कागद दोघांनी वाचायचा. त्या गेल्यावर मी अजून त्यांच्या खुर्चीत बसले नव्हते. दुसऱ्या खुर्चीतच बसून काम करत होते.

सेक्रेटरी आले, त्यांनी ती रिकामी खुर्ची उचलली आणि टेबलाच्या पलीकडे न्यायला लागले. दारातून नयनाबेन म्हणाली, "ए खुरशी त्यां ज रेवा दो, साहेब." त्यांनी खुर्ची होती तिथेच ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं. मी उठले, मॅडमच्या खुर्चीत बसले, आणि माझी त्यांना दिली. ते जरा अवघडून शेजारी बसले. पुरस्काराच्या नियमांचा कागद त्यांनीच आणला होता. तो मी आमच्या दोघांच्या मध्ये ठेवला.

"बोला, यात तुम्हाला नेमकं काय खटकतं?" त्यांनी विचारलं.

मी दुसऱ्या ओळीतल्या ‘निल’वर बोट ठेवलं, आणि ते स्वतः ती ओळ मोठ्याने वाचेपर्यंत उचललं नाही.